सात कळांची बाराखडी

तबलजी उजवीकडे ‘ना’ वाजवतो, डावीकडे डग्ग्यावर ‘गे’ वाजवतो, आणि दोन्ही आघात एकाच क्षणी पडले की ‘धा’ उमटतो. ‘धा’साठी तिसरं वाद्य लागत नाही. कॉर्ड कीबोर्डचं सगळं तत्त्व एवढंच आहे. एक कळ दाबली की एक अक्षर, दुसरी दाबली की दुसरं, आणि दोन्ही एकत्र दाबल्या की तिसरंच. नेहमीच्या कीबोर्डवर शंभराच्या आसपास कळा असतात आणि त्यांच्यावरून फिरायला दोन्ही हात लागतात. कॉर्ड कीबोर्डवर कळा मोजक्या, बोटांखालीच असतात. हात जागचा हलत नाही, म्हणून एकच हात पुरतो.

असा पहिला कीबोर्ड मी मामांसाठी केला. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले मामा डाव्या हाताच्या एका बोटानं अक्षर शोधत बसायचे, आणि चार ओळींचं पत्र लिहायला त्यांची अख्खी दुपार जायची. बोलून लिहून घेणारी अ‍ॅप आहेत, पण मामांचा उच्चार जड झाला होता, त्यामुळे त्यांचा उपयोग होईना. त्यानंतर मी असे आणखी दोन कीबोर्ड केले. त्या अनुभवावरून सांगतो की, वायरी जोडण्याचं काम एका रविवारचं आहे. खरा वेळ द्यायचा तो दोन गोष्टींना: अक्षरांच्या मांडणीला आणि हाताच्या मापाच्या ढाच्याला. म्हणून या लेखातही मी मांडणीपाशी जास्त थांबणार आहे.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये एमिल बोदो यांच्या तारयंत्राला १८७० च्या दशकातच पाच कळा होत्या आणि तारबाबू त्या एकत्र दाबून अक्षरं पाठवत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जगाला पहिल्यांदा माउस जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा कॉर्ड कीबोर्ड. जगानं माउस उचलला, पाच कळा मात्र तिथेच राहिल्या. पुढे ‘झुलू’ या १९६४ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक साय एंडफील्ड यांनी इंग्लंडमध्ये सहा कळांचा ‘मायक्रोरायटर’ बाजारात आणला. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या ओळखीचा पर्किन्स ब्रेलर १९५१ सालचा. त्यातही सहा ठिपक्यांच्या सहा कळा एकत्रच दाबाव्या लागतात. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान लिपी स्वीकारली गेली. म्हणजे कळा एकत्र दाबून मराठी लिहिणारी माणसं आपल्यात कधीची आहेत.

एंगलबार्ट आणि एंडफील्ड यांच्या मांडणीत एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. एंगलबार्ट यांनी इंग्रजी अक्षरांना क्रमानं १, २, ३ असे आकडे दिले आणि ते आकडे द्विमान पद्धतीनं पाच कळांवर उतरवले. गणिताच्या माणसाला हे सोपं, इतरांना पाठांतर. एंडफील्ड यांनी अक्षराचा आकार आणि बोटांची ठेवण यांचा मेळ घातला, म्हणजे ज्याला अक्षराचं वळण ठाऊक आहे त्याला कॉर्ड आठवते. मराठीसाठी मांडणी करताना हाच प्रश्न समोर येतो: माणसाच्या डोक्यात आधीपासून काय पक्कं बसलेलं आहे?

सोल्डरिंगच्या आधी कागद

आधी हिशेब. पाच कळांतून ३१ वेगवेगळे दाब निघतात, सहांतून ६३, सातांतून १२७. मराठीसाठी मी सात कळा सुचवतो. तर्जनी, मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना प्रत्येकी एक, आणि अंगठ्याला तीन. अंगठा मोकळेपणानं इकडेतिकडे सरकू शकतो, इतर बोटांना मात्र आपापली कळ सोडायला लावायची नाही. चार बोटांच्या चार कळांतून १५ आकार होतात: एकेरी ४, दुहेरी ६, तिहेरी ४ आणि चारही मिळून १. शिकायचे आकार एवढेच. बाकीचा फरक अंगठा करतो.

आता संगणकाची बाजू. कीबोर्ड कधीही ‘क’ पाठवत नाही. कोणत्या क्रमांकाची कळ दाबली एवढंच तो कळवतो आणि त्यावरून कोणतं अक्षर उमटवायचं ते संगणक ठरवतो. म्हणून आपलं यंत्र संगणकाला ‘मी साधा कीबोर्ड आहे’ असं सांगेल आणि संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट चालू ठेवायचं. १९९१ च्या भारतीय मानकात असलेली ही मांडणी विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर मिळते, वेगळा फॉन्ट किंवा विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही.

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट न दाबता मिळणारी आणि मराठीला रोज लागणारी चिन्हं मोजा. मात्रा दहा: ा ि ी ु ू ृ े ै ो ौ. अनुस्वार आणि पायमोडाचं चिन्ह धरून बारा. व्यंजनं अठरा: क ग च ज ट ड त द न प ब म य र ल व स ह. एकूण तीस. आणि आपल्याकडे आकार आहेत पंधरा. पंधरा दुणे तीस! कागदावर हा हिशेब जुळला तेव्हा मी उठून खोलीत चकरा मारल्या होत्या. अंगठ्याची एक कळ ‘दुसरं अक्षर’ म्हणून ठेवली की प्रत्येक आकाराला दोन अक्षरं येतात आणि सगळी तीस बसतात. अंगठ्याची आणखी एक कळ शिफ्ट म्हणून ठेवली की ख, घ, छ, झ, आ, ई ही सगळी मंडळी आपोआप मिळतात, कारण इनस्क्रिप्टमध्ये क वर शिफ्ट म्हणजे ख, ग वर शिफ्ट म्हणजे घ, आणि मात्रेवर शिफ्ट म्हणजे तिचाच स्वर.

इथे माझी पहिली चूक सांगतो. मी तीस अक्षरं वापराच्या प्रमाणात वाटली. सर्वांत जास्त लागणारी सर्वांत सोप्या आकारांवर, मग उतरत्या क्रमानं. कीबोर्डविषयी जे काही वाचलं होतं त्यात हाच सल्ला होता. मामा आठवडाभर बसले आणि प्रत्येक अक्षरासाठी तक्त्याकडे पाहत राहिले. आठव्या दिवशी त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, “क जिथे आहे तिथेच ग का नाही? मुलांना मी वर्ग शिकवतो ते उगाच का?” त्या प्रश्नानं मांडणी बदलली. वर्णमाला ही आपल्या डोक्यात लहानपणापासून मांडून ठेवलेलं कपाट आहे. कखगघ हे चारही एकाच खणात राहतात. मग बोटांचा आकारही एकच असू द्यावा.

तर अंगठ्याची पहिली कळ महाप्राणाची, म्हणजे शिफ्ट. दुसरी कळ जोडीदाराची. बोटांचा एकच आकार धरा: अंगठा नसेल तर क, पहिली कळ असेल तर ख, दुसरी असेल तर ग, दोन्ही असतील तर घ. तसंच च छ ज झ, ट ठ ड ढ, त थ द ध, प फ ब भ. पाच आकारांत पाच वर्गांची वीस व्यंजनं आली. मात्रांना दुसरी कळ दीर्घ करते किंवा पुढची मात्रा देते: ि ची ी, ु ची ू, े ची ै, ो ची ौ. आणखी चार आकार झाले. उरलेल्या बारा चिन्हांच्या सहा जोड्या मी अशा लावल्या: ा आणि अनुस्वार, पायमोड आणि ृ, न आणि म, य आणि व, र आणि ल, स आणि ह. पंधरा आकार भरले, एकही रिकामा नाही आणि एकही अक्षर बाहेर नाही.

कोणत्या आकाराला काय द्यायचं, इथे मात्र वापराचं प्रमाण बघा. माझी वाटणी अशी आहे. एकटी तर्जनी ा, एकटं मधलं बोट र, एकटी अनामिका त, एकटी करंगळी े. तर्जनी आणि मधलं मिळून पायमोड. मधलं आणि अनामिका न. अनामिका आणि करंगळी ि. तर्जनी आणि अनामिका क. तर्जनी आणि करंगळी च. मधलं आणि करंगळी ट. आता तिहेरी: करंगळी सोडून तिन्ही बोटं स, तर्जनी सोडून तिन्ही य, अनामिका सोडून तिन्ही ु, मधलं सोडून तिन्ही ो. चारही बोटं एकत्र म्हणजे प. ओठ मिटावेत तशी मूठ मिटते, म्हणून ओष्ठ्य वर्ग तिथे दिला. मधलं बोट आणि करंगळी दाबून अनामिका वर ठेवणं सर्वांत अवघड, कारण अनामिकेचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात. ट उच्चारताना जीभ वळते, इथे बोटं वळतात. ट-वर्ग आठवायला ही खूण मामांना फार आवडली.

काही अपवाद आपण आपल्या प्रोग्राममध्ये करायचे. इनस्क्रिप्टमध्ये ण हा म च्या कळीवर शिफ्ट दाबून येतो, पण आपल्याला न च्या आकारावर पहिला अंगठा दाबून ण मिळाला तर बरं. तसंच स वर पहिला अंगठा म्हणजे श, स चा जोडीदार ह, आणि त्याच आकारावर दोन्ही अंगठे म्हणजे ष. ल चा ळ आणि र चा ‘तऱ्हा’तला ऱ हे शिफ्टनं आपोआप येतात. अ हा पायमोडाच्या आकारावर पहिला अंगठा दाबला की मिळतो. विसर्ग, ॅ, ॉ, आकडे, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि बाणांच्या कळा अंगठ्याच्या तिसऱ्या कळीकडे द्या. नुसता अंगठा दाबला तर पहिली कळ म्हणजे दोन शब्दांमधली जागा, दुसरी म्हणजे मागचं खोडणं, तिसरी म्हणजे एंटर.

माझी वाटणी जशीच्या तशी घेतलीच पाहिजे असं नाही. ज्याच्यासाठी कीबोर्ड आहे त्याचं एखादं बोट वळत नसेल तर तो आकार टाळा. पण कखगघ एका आकारात ठेवण्याचा नियम मोडू नका. आणि मांडणी बोटांच्या नावानं लिहा. म्हणजे डाव्या हाताला आणि उजव्या हाताला तीच चालते, फक्त ढाचा आरशातल्यासारखा उलटा करावा लागतो.

इंग्रजीसाठी वेगळा तक्ता लागेल. गंमत अशी की इनस्क्रिप्टमध्ये ा ही मात्रा रोमन ‘ई’च्या कळीवर आहे आणि इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारं अक्षरही ‘ई’च. म्हणजे एकट्या तर्जनीला दोन्ही भाषांत तेच काम. ही सोबत तिथेच संपते, कारण र रोमन ‘जे’वर आहे आणि इंग्रजीला ‘जे’ क्वचित लागतो. मराठीत हात बसेपर्यंत इंग्रजीच्या वाटेला जाऊ नका.

हाताचं माप

कळा निवडताना छोट्या चौकोनी टॅक्ट स्विचचा मोह टाळा. ते स्वस्त असतात, पण त्यांना दाब बराच लागतो आणि चार बोटं एकदम दाबताना करंगळी थकते. मेकॅनिकल कीबोर्डचे सुटे स्विच घ्या. साधारण ४५ ग्रॅम दाबाचे, मध्ये खटका नसलेले, ज्यांना लीनियर म्हणतात ते. त्यांची कळ ४ मिलिमीटर खाली जाते आणि बहुधा २ मिलिमीटरवरच काम करते, त्यामुळे तळाशी आपटावं लागत नाही. प्रत्येक स्विचला १४ मिलिमीटर चौकोनी भोक लागतं आणि त्याच्या खाचा दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात नीट अडकतात. पातळ प्लायवूड यापेक्षा जाड असतं, त्यात खाचा अडकत नाहीत. मग ग्लू गननं बाजूनं चिकटवा, तेही टिकतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे बहुतेक सामान मिळतं, मेकॅनिकल स्विच मात्र ऑनलाइन मागवणं सोपं. घरात सोल्डरिंगची हत्यारं असतील तर एकूण खर्च हजार-दीड हजारात बसतो.

ढाच्यासाठी शाडू माती आणा. गणपतीच्या दिवसांत घरी उरलेली असेल तर तीच भिजवा. नारळाएवढा गोळा टेबलावर ठेवून त्यावर हात असा ठेवायला सांगा, जसा आपण मोसंबं धरतो. मनगट सरळ, कोपर आरामात. डोळे मिटायला सांगा. मिनिटभरानं बोटांची टोकं जिथे विसावतील तिथे खुणा करा. हे तीनदा करा आणि तिन्ही वेळा जुळलेल्या खुणा धरा. तुम्हाला दिसेल की चार खुणा एका रेषेत येत नाहीत. मधल्या बोटाची सर्वांत पुढे, करंगळीची सर्वांत मागे. दुकानातला कीबोर्ड ही गोष्ट मानत नाही, आपण मानायची.

या खुणा पुठ्ठ्यावर उतरवा, पुठ्ठ्याला भोकं पाडून स्विच बसवा आणि एकही वायर न जोडता दोन दिवस नुसते दाबून बघायला लावा. पंधराही आकार करून बघा. अंगठ्याच्या पहिल्या दोन कळा इतक्या जवळ हव्यात की अंगठा त्यांच्या मधोमध टेकला की दोन्ही दबतील. तिसरी थोडी लांब. मामांच्या बाबतीत अंगठ्याच्या कळा मला तीन वेळा हलवाव्या लागल्या. पुठ्ठा असल्यामुळे नुकसान काही झालं नाही. जागा पक्क्या झाल्यावरच प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिक कापा. तळव्याखालचा उंचवटा शाडूचा ठेवू नका, वाळला की तडकतो. त्याच आकाराचा लाकडाचा किंवा एमसीलचा करा.

ज्याला एकच हात आहे त्याच्या लक्षात येणारी आणि आपल्या सहज लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. यंत्र सरकलं तर धरायला दुसरा हात नाही. म्हणून तळाला रबराची चटई आणि आत वजनासाठी लोखंडी पट्टी हवीच. यूएसबी केबलही ढाच्याला घट्ट बांधा, ती उपसली गेली तर एका हातानं परत खुपसणं जिकिरीचं होतं. व्हीलचेअर असेल तर हाताच्या दांड्याला क्लॅम्पनं बसवता येईल असा ढाचा करा.

पक्षाघातानंतर किंवा दुखापतीनंतर हा कीबोर्ड वापरायचा असेल तर पुठ्ठ्याचा नमुना ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. हाताची कोणती ठेवण चालेल आणि दिवसाला किती वेळ, हे त्यांना विचारलंच पाहिजे. राहिलेल्या एका हातावर सगळा भार पडतो. तो हात दुखावला तर काहीच उरत नाही.

वायरी

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको घ्या. जानेवारी २०२१ मध्ये हा छोटा बोर्ड अवघ्या ४ डॉलरला बाजारात आला आणि आपल्याकडेही काही शे रुपयांत मिळतो. एटीमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्डही चालतो, पण पुढे दिलेला प्रोग्राम त्यावर चालणार नाही. जुना आर्डुइनो उनो मात्र नको. शाळेच्या प्रकल्पांमुळे तो घरात पडलेला असतो, पण त्याची मुख्य चिप यूएसबी कीबोर्ड म्हणून थेट बोलू शकत नाही.

बाजारातल्या कीबोर्डमध्ये कळांची जाळी आणि डायोड असतात. सात कळांना त्यांची गरज नाही. प्रत्येक स्विचला दोन पाय असतात. एक पाय पिकोच्या स्वतंत्र पिनला, दुसरा पाय सर्वांच्या सामायिक ग्राउंडला. जीपी२ ते जीपी८ या सलग सात पिना घ्या: तर्जनी जीपी२, मधलं जीपी३, अनामिका जीपी४, करंगळी जीपी५, अंगठ्याच्या कळा जीपी६, ७ आणि ८. ग्राउंडची वायर एकच घेऊन एका स्विचवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी ओवत न्या. वेगळा रेझिस्टर लागत नाही, पिकोच्या आतच पुल-अप असतो आणि तो प्रोग्राममधून चालू करता येतो. त्यामुळे कळ मोकळी असताना पिन ‘उंच’ वाचली जाते आणि दाबली की ‘शून्य’. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्ट लावू नका.

वायर म्हणून जुनी लॅन केबल सोला. तिच्यात आठ रंगीत तारा असतात: सात कळांना सात आणि ग्राउंडला आठवी. पिको ढाच्याबाहेर वेगळ्या डबीत ठेवायचा असेल तर तीच केबल न सोलता वापरता येते. कोणता रंग कोणत्या बोटाला, हे लगेच लिहून ठेवा.

सोल्डरिंग झाल्यावर संगणकाला जोडण्याआधी मल्टीमीटर बीपवर लावून प्रत्येक पिन आणि ग्राउंड तपासा. कळ दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांतता. कळ न दाबताच बीप येत असेल तर शेजारच्या दोन पायांना सोल्डर चिकटलं आहे किंवा स्विच वाकडा बसला आहे. शेवटचं म्हणजे केबल. मोबाइलच्या काही चार्जिंग केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. पिकोला वीज मिळते, पण संगणकाला तो दिसत नाही, आणि माणूस प्रोग्राममधली चूक शोधत बसतो. माझी त्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली.

प्रोग्राम

पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरा आणि केबल जोडा. संगणकावर पेनड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह दिसेल. तिच्यावर सर्किटपायथनची यूएफ२ फाइल टाका. बोर्ड पुन्हा सुरू होईल आणि सर्किटपाय नावाची नवी ड्राइव्ह येईल. तिच्यातल्या ‘लिब’ फोल्डरमध्ये अ‍ॅडाफ्रूटची एचआयडी लायब्ररी ठेवा. पुढे प्रोग्राम म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, कोणत्याही एडिटरमध्ये उघडून बदलता येते. याच सोयीसाठी मी हा मार्ग सुचवतो. मांडणी बदलायची तर दोन ओळी बदलून फाइल सेव्ह करायची, बस.

प्रत्येक कळीला एक किंमत द्या. तर्जनी १, मधलं २, अनामिका ४, करंगळी ८, अंगठ्याच्या कळा १६, ३२ आणि ६४. दाबलेल्या कळांची बेरीज म्हणजे त्या कॉर्डचा क्रमांक. क म्हणजे तर्जनी आणि अनामिका, बेरीज ५. ख म्हणजे २१, ग म्हणजे ३७, घ म्हणजे ५३. प्रोग्राममध्ये शब्दकोशासारखा एक तक्ता असतो: क्रमांक आणि त्यासमोर पाठवायची कळ. बेरजेत १६ असेल तर आधी ती वजा करायची, उरलेल्या क्रमांकाची कळ तक्त्यातून घ्यायची आणि शिफ्टसह पाठवायची. ण आणि ष यांसारखे अपवाद त्याआधी तपासायचे.

खरी मेख वेळेत आहे. चार बोटं एकत्र दाबली असं आपल्याला वाटतं, पण पिकोच्या दृष्टीनं ती एकामागून एक पडतात. प्रत्येक कळ पडताच अक्षर पाठवलं तर ‘क’ ऐवजी आधी ‘ा’ उमटेल. म्हणून नियम असा करा: बोटं पडत असताना फक्त जमा करत राहायचं आणि पहिलं बोट उठलं की जमा झालेल्या कॉर्डचं अक्षर पाठवायचं. मग सगळी बोटं उठेपर्यंत नवीन काही मोजायचं नाही. या पद्धतीत घड्याळ लागत नाही, आणि ज्याची बोटं सावकाश हलतात त्यालाही पूर्ण मुभा मिळते. तो एकेक बोट टेकवत आरामात आकार जमवू शकतो. मामांना हीच सवलत हवी होती.

स्विचचे धातूचे पत्रे दाबताना किंचित थरथरतात आणि एका दाबाचे दोन-तीन मोजले जाऊ शकतात. सर्किटपायथनमधलं ‘कीपॅड’ हे मॉड्युल दर २० मिलिसेकंदांनी कळा वाचतं, त्यामुळे ही थरथर निघून जाते. वेगळं काही करावं लागत नाही.

बोट उठल्यावरच अक्षर पाठवण्याच्या नियमानं एक तोटा होतो. कळ दाबून धरली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटतं, ती सोय जाते. खोडण्यासाठी आणि बाणांसाठी ती हवी असते. म्हणून फक्त त्या कॉर्ड अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त धरल्या तर पुनरावृत्ती सुरू होईल, असा अपवाद घाला. कंट्रोल आणि ऑल्टसाठी ‘एकदा दाबा, पुढच्या अक्षराला लागू’ अशी पद्धत ठेवा, म्हणजे दोन गोष्टी एकत्र धरायची वेळ येत नाही. ज्यांना अंगठ्याच्या दोन कळा एकदम दाबणं जमत नाही, त्यांच्यासाठी महाप्राणाची कळही अशीच करता येते.

सराव

पहिले तीन दिवस फक्त एकेरी कळा. ‘तारा’, ‘तेरा’, ‘रात’, ‘तारे’ हे शब्द अंगठ्याशिवाय आणि एकेका बोटानं लिहिता येतात. मग जोडीदाराची कळ घ्या: ‘दार’, ‘लाल’, ‘दारात’. मग पायमोड आला की ‘रात्र’. दर दोन दिवसांनी एक वर्ग. तक्ता समोर ठेवा, पण बोटांकडे पाहू नका. ‘आई’ लिहायला दोनच दाब लागतात. मामांनी पहिल्या दिवशी सराव म्हणून तोच शब्द ओळभर लिहिला.

वेगाविषयी खोटी आशा दाखवणार नाही. बारा कळांच्या ‘ट्विडलर’ या एका हाताच्या कॉर्ड कीबोर्डवर जॉर्जिया टेकमध्ये २००४ च्या सुमारास अभ्यास झाला. नवख्या लोकांनी ४०० मिनिटांच्या सरावानंतर मिनिटाला सरासरी २६ इंग्रजी शब्द गाठले, आणि ज्यांनी सुमारे २५ तास सराव केला ते ४७ च्या आसपास पोहोचले. ही धडधाकट हातांची गोष्ट आहे. आपल्याकडच्या शासकीय टंकलेखन परीक्षेत मराठीचा पहिला टप्पा मिनिटाला ३० शब्दांचा असतो, त्यावरून अंदाज यावा. आजारातून उठलेल्या माणसाचा वेग मोजू नका. दिवसाला वीस मिनिटं, बोट दुखलं की थांबायचं. मामांना पंधरा आकार पाठ व्हायला तीन आठवडे लागले. आता पत्र लिहायला दुपार लागत नाही, चहा निवेपर्यंत होतं.

मांडणी एकदा हातात बसली की ती बदलू नका, सुधारणा कितीही सुचली तरी. प्रोग्रामची फाइल पेनड्राइव्हवर आणि घरातल्या आणखी कोणाच्या संगणकावर ठेवा. तारांच्या रंगांचा तक्ता कागदावर लिहून ढाच्याच्या तळाला चिकटवा. आणि पहिला पिको विकत घेताना दुसराही घ्या, त्यात हाच प्रोग्राम भरा आणि डबीत घालून कीबोर्डजवळच ठेवा. आपल्याला दुकानातून नवा कीबोर्ड आणता येतो. ज्याच्यासाठी तुम्ही हा करताय त्याला हा कुठल्याच दुकानात मिळणार नाही.